रंग उतरवलेला तृषासुर

गोडपाणी केंद्राचं दार त्या सकाळी उघडलंच नाही.

दार बिघडलं नव्हतं. रोज अनंत मेस्त्री समोर येऊन उभे राहिले, की दारावरचा डोळा त्यांचा चेहरा न्याहाळायचा, "या, अनंत मेस्त्री" असा आवाज यायचा आणि दार बाजूला सरकायचं. आजही डोळ्याने चेहरा न्याहाळला. पण आवाज आला नाही. फलकावर तांबडी अक्षरं उमटली : 'अनंत मेस्त्री. प्रवेश स्थगित. कारण : गावच्या पाण्यात विष कालवण्याची जाहीर धमकी.'

"खयची धमकी?" अनंत मेस्त्रींनी फलकालाच विचारलं. "कोणाक दिलंय मी धमकी?"

फलकावरची अक्षरं तशीच राहिली.

त्यांची मुलगी दुर्वा बाबांच्या मागेच उभी होती. रविवार असला की ती त्यांच्याबरोबर केंद्रावर यायची. तिने अक्षरं दोनदा वाचली. शेजारच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनीही ती वाचली.

खडपेवाडी हे सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव. समुद्र चढत गेला आणि गावच्या विहिरी खारट झाल्या, तेव्हा खाडीच्या तोंडाशी हे केंद्र उभं राहिलं. समुद्राचं पाणी मोठ्या दाबाने गाळणपडद्यातून (इतक्या बारीक छिद्रांचा पडदा, की त्यातून पाणी जातं पण मीठ जात नाही) ढकलायचं, की पलीकडे गोडं पाणी मिळतं. गाळणपडदे धुणं, दाब सांभाळणं, पाणी गावात सोडण्याआधी स्वतः चाखून पाहणं, हे बाबांचं काम. गाव त्यांनी चाखलेलं पाणी प्यायचं.

"अनंता, खरा काय रे ता?" शेवंतीकाकूंनी नळावरून विचारलं.

"काय खरा? माकाच ठाऊक नाय!"

शेवंतीकाकूंनी भरलेली कळशी उचलली आणि वाळूत उपडी केली.

दुर्वाला वाटलं, आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. परतताना ती बाबांच्या बरोबरीने चालली नाही. मुद्दाम मागे राहिली. बाबांना ते कळलं; पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुपारी तालुक्याहून पंच आला. पंच म्हणजे पडताळणी करणारा यंत्रमानव. कोणावर असा ठपका आला की तो घरी येतो, पाहतो, विचारतो आणि अहवाल देतो. अहवाल बाबांच्या विरुद्ध गेला, तर केंद्राचं दार त्यांच्यासाठी कायमचं बंद होणार होतं. याच केंद्राचं नव्हे. पाण्याच्या कुठल्याही केंद्राचं.

उंचीला तो दुर्वाएवढाच होता. अंगणात येऊन त्याने नमस्कार केला, तेव्हा आई बाबांच्या कानाशी पुटपुटली, "हेका च्या देवची की तेल?"

"मला ऐकू आलं," पंच म्हणाला. "दोन्ही नको. सावली चालेल."

एवढ्या काळजीतही आईला हसू आलं. पंच माडाच्या सावलीत बसला आणि त्याच्या छातीवरच्या काचेत एक व्हिडिओ सुरू झाला.

काचेत बाबा होते. फक्त त्यांचा चेहरा, अगदी जवळून. डोळे गरगरीत, आवाज खणखणीत. "या गावातल्या प्रत्येक विहिरीत मी विष कालवीन! पाणी माझ्या मुठीत आहे! पाण्यावाचून तडफडाल, तेव्हा माझेच पाय धराल!" खाली लिहिलं होतं : 'ओळखा पाहू! अनंत मेस्त्री, गोडपाणी केंद्र. खरेखुरे!'

"हो तर तृषासुर!" बाबा ओरडलेच. "आमच्या नाटकातलो राक्षस! पण माझा तोंड असा उघडा कसा? माझो रंग खय गेलो?"

दुर्वाचे कान तापले. व्हिडिओ सुरू झाल्याबरोबर तिने ओळखला होता. तो तिनेच बनवला होता.

बाबा दशावतारी मंडळींत काम करत. गावच्या जत्रेत देवळासमोर खेळ व्हायचा. तोंडाला हिरवा-तांबडा रंग फासून, मुकुट घालून बाबा तृषासुर व्हायचे, साऱ्या जगाचं पाणी पळवणारा राक्षस. त्यांच्या मंडळींत एक रीत होती. तोंडाला रंग लागला, की त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. रंग धुतला जाईपर्यंत तो अनंता नाही, तृषासुर. लहानपणी दुर्वा एकदा रंगलेल्या बाबांना "बाबा" म्हणून बिलगायला गेली, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवून तिला थांबवलं होतं.

ही रीत ठाऊक असूनही तिने काय केलं होतं? शाळेत हर्षालीने तिला डिवचलं होतं. "तो राक्षस म्हणे हिचे बाबा! टाकीवरचा माणूस इतकं भारी बोलतो होय? रंगाखाली काय, कोणीही असेल." दुर्वाला ते झोंबलं. तिने जत्रेतलं आपल्या फोनमधलं चित्रण काढलं. चेहरा ओळखू यावा म्हणून फोनकडून रंग पुसून घेतला. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून पखवाज आणि पेटीचा आवाज काढून टाकला. मुकुट आणि मागचा पडदा दिसू नये इतकं चित्र कापलं. मग आपल्या 'समुद्रपक्षी' या टोपणनावाने तो व्हिडिओ टाकला. हर्षालीने तोंडात बोट घातलं. दुर्वा दिवसभर मिरवली.

आता अंगणात ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"कोणीतरी मुद्दाम केल्यान ह्या," आई म्हणाली. "दुसऱ्या मंडळींतल्या कोणाच्या पोटात दुखत असतला."

"कोणाचा नाव घेव नको," बाबा म्हणाले. "पुराव्याशिवाय नाव घेतल्यावर काय होता, ता दिसताहा मा?"

पंचाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही घरी ज्या भाषेत बोलता, तिच्यात आणि व्हिडिओतल्या भाषेत फार अंतर आहे. मला शंका येते. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. या नाटकाची संहिता (नाटकातली सगळी वाक्यं लिहिलेला मजकूर) मिळेल का? त्यात ही वाक्यं सापडली, तर काम आत्ता संपेल."

बाबांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात लिवलेला काय नसता. गोष्ट ठरलेली असता. कोण काय बोलतलो, ता थय उभ्या उभ्या सुचात तसा."

"म्हणजे ही वाक्यं तुमचीच."

"माझीच. पण तृषासुराची."

"हे यंत्रांना शिकवलेलं नाही," पंच म्हणाला. "उद्या परत येतो."

तो गेल्यावर दुर्वा घराच्या मागे गेली. तिने फोन काढला, 'समुद्रपक्षी' उघडलं आणि व्हिडिओ पुसून टाकला. एकदा पुसला की नाहीसा. उद्या पंच शोधेल, त्याला काही सापडणार नाही, दार उघडेल. कोणाला काही सांगावं लागणार नाही. तेवढ्यात हर्षालीचा निरोप आला : 'मी कोणाला सांगणार नाही. शप्पथ.' ते वाचून दुर्वाला बरं वाटायला हवं होतं. उलट तिने घाईने फोन बंद केला.

सकाळी पंच आला तेव्हा बाबा पाटी-फावडं घेऊन माडांना आळी करत होते. कामावर जायचं नसलेला माणूस हात रिकामे ठेवायला लाजतो, तसे. पंच त्यांच्याकडे न जाता शाळा बुडवून ओट्यावर बसलेल्या दुर्वापाशी आला.

"परिस्थिती बिघडली," तो म्हणाला. "मूळ व्हिडिओ कोणीतरी पुसला."

"मग चांगलंच झालं ना?"

"तुझ्याकडे बाबांचा रंग आहे का? चिमूटभर. आणि एका वाडग्यात पाणी."

दुर्वाने आणलं. पंचाने तांबडा रंग पाण्यात सोडला. आधी एक धागा खाली उतरला, मग तो फुटला, पसरला आणि बघता बघता सारं पाणी गुलाबी झालं.

"आता चिमूट परत काढ."

"कशी काढू? पसरली ती."

"व्हिडिओचंही तसंच. कोणी पाहिला तर पाहताना एक प्रत त्याच्या फोनमध्ये उतरते. कोणी पुढे पाठवला तर आणखी एक. शोधयंत्रं (मागितलेली माहिती इंटरनेटवर हुडकून देणारी यंत्रं) आपल्यापाशी वेगळी ठेवतात. तू जिथे टाकलास तिथून पुसला, म्हणजे चिमूट ज्या बोटांनी सोडली ती बोटं धुतली. वाडग्यातलं पाणी तसंच."

दुर्वाने चमकून वर पाहिलं. 'तू टाकलास' असं तो म्हणाला होता की काय? पंचाचा चेहरा नेहमीसारखाच होता. उदाहरण देताना माणसंही 'तू' म्हणतात. तिने स्वतःची समजूत घातली.

"आणि पुसल्याने नुकसान वेगळंच झालं," पंच सांगत राहिला. "मूळ व्हिडिओखाली गावातल्या लोकांनी लिहिलं होतं. 'तृषासुर भारी!' 'जत्रेत पोरं घाबरून रडली!' हे नाटक आहे असं सांगणारा, यंत्रांना वाचता येईल असा तेवढाच पुरावा होता. व्हिडिओबरोबर तो पुसला गेला. प्रतींखाली आता फक्त परक्या लोकांच्या शिव्या आहेत."

दुर्वाला वाटलं, वाडगं उचलून फेकून द्यावं.

"पण लोकांना बाबा ठाऊक आहेत की!" ती म्हणाली. "इतकी वर्षं ते पाणी चाखून सोडतात. एकदाही कोणाचं पोट दुखलं नाही. तुमच्या यंत्राला ते दिसत नाही?"

"नाही दिसत. का, ते सांगतो. इंटरनेटवर एखाद्याविषयी जे सापडतं, ते गोळा करून यंत्र त्याचं छायाचरित्र (यंत्राने तयार केलेलं माणसाचं थोडक्यात वर्णन) बनवतं. नोकरी देणारा, कर्ज देणारा, घर भाड्याने देणारा, सगळे आधी ते वाचतात. यंत्र सगळ्यात खरं काय ते शोधत नाही. सगळ्यात जास्त वेळा काय पाहिलं आणि पुन्हा सांगितलं गेलं, ते शोधतं. आता सांग, नळाला चांगलं पाणी आलं, असं कोणी कधी लिहितं?"

दुर्वाने मान हलवली. पाणी आलं नाही, की लोक लिहितात.

"म्हणून तुझ्या बाबांचं छायाचरित्र कालपर्यंत जवळजवळ कोरं होतं. कोऱ्या कागदावर एकच डाग पडला, तर बघणाऱ्याला डागच दिसतो. दारानेही तोच पाहिला."

"यंत्राला साधं नाटकही कळू नये?"

"नाटक कळायला खुणा लागतात. रंग, मुकुट, पडदा, वाद्यं, नाहीतर लिहिलेली संहिता. संहिता तर नव्हतीच. बाकीच्या खुणा कोणीतरी एकेक करून काढल्या. जो हे करत होता, त्याला नेमकं ठाऊक होतं काय काय काढायचं ते."

ते त्याने रागाने म्हटलं नाही. त्याला राग येतच नव्हता. दुर्वाला वाटलं, येत असता तर सोपं गेलं असतं. आपण ओरडलो असतो, रडलो असतो.

अंगणापलीकडे बाबा फावड्याने माती ओढत होते. काल सकाळी ते घराकडे परतत होते आणि आपण लाज वाटून मागे राहिलो. लाज बाबांची वाटली होती. आणि ती आणली होती आपणच.

"आता काहीच होणार नाही?" तिने हळूच विचारलं. "बाबा समुद्राचं पाणी गोडं करतात. त्यातून मीठ वेचत बसत नाहीत. मग…" ती थांबली. बोलता बोलताच तिला काहीतरी दिसू लागलं होतं. "मीठ तिकडेच राहतं. पाणी वेगळं काढतात. पसरलेला व्हिडिओ वेचता येणार नाही, पण खरं वेगळं काढून त्याच्या शेजारी ठेवता येईल?"

"येईल," पंच म्हणाला. "त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, काहीही न बदललेलं मूळ चित्रण. दुसरी, ज्याने बदल केले त्याची स्वतःच्या खऱ्या नावाने साक्ष : काय काढलं आणि का काढलं. तसं झालं तर मी ते जोडपत्र (एखाद्या चित्रणाच्या प्रतींना आपोआप चिकटणारी दुरुस्ती) म्हणून नोंदवू शकतो. व्हिडिओ उघडेल, तिथे शेजारी जोडपत्रही उघडेल. सगळ्या प्रती सापडणार नाहीत. पण छायाचरित्र बनवणारी यंत्रं पाहतात, त्या बहुतेक सापडतील."

"साक्ष टोपणनावाने नाही चालणार?"

"टोपणनावाला कोणी जबाबदार धरत नाही. म्हणून त्याच्या साक्षीला वजन नसतं. खरं नाव दिलं, की ते त्या माणसाच्या छायाचरित्रात जाईल. आणि तिथेच राहील."

मूळ चित्रण दुर्वाच्या फोनमध्ये होतं. ते दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं.

तिने फोन हातात घट्ट धरला. हर्षालीने शपथ घेतली होती. पंचाने विचारलं नव्हतं. गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. फक्त बाबा उद्याही माडांना आळी करणार होते, आणि परवाही.

ती उठून अंगणापलीकडे गेली. बाबांनी फावडं थांबवलं.

"बाबा, ता मीच केलंय."

"काय?"

"व्हिडिओ. तुमचो रंग… मीच काढलंय. हर्षाली म्हणाली, ते तुझे बाबा नाहीत म्हणून. आणि काल मीच पुसलंय." पुढचं तिला नीट बोलता येईना. ती मालवणीतून शाळेतल्या भाषेत आणि पुन्हा मालवणीत जात राहिली.

बाबांनी फावडं मातीत रोवलं. ओरडले नाहीत.

"रंगल्या तोंडाक नावान हाक मारूची नाय, ह्या तुका ठाऊक होता," ते म्हणाले.

"हो."

"माका एकदा इचारूक होया होता गो. मीच रंग धुवून तुझ्या मैत्रिणीसमोर उभो रवलो असतंय." त्यांनी हात झटकले. "आणि काल तुझ्या आवशीन दुसऱ्या मंडळींचा नाव घेतल्यान. तेव्हा तू थयच होतंस."

दुर्वाने मान खाली घातली.

साक्ष तिने ओट्यावर बसून दिली. पंचाच्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, नाक लाल झालेला. "मी दुर्वा अनंत मेस्त्री. खडपेवाडी." मग तिने सांगितलं : रंग पुसला, वाद्यं काढली, मुकुट आणि पडदा कापला, बाबांचं नाव लिहिलं, बाबांना विचारलं नाही. पुसून टाकल्याचंही सांगितलं. का केलं, या प्रश्नापाशी ती अडली. "माझे बाबा किती भारी बोलतात, ते दाखवायला," ती म्हणाली आणि लगेच थांबली. मग म्हणाली, "आणि मला जिंकायचं होतं."

पंचाने मूळ चित्रण लावलं. पखवाज घुमला. पेटीने सूर धरला. मागे पडदा धरलेले दोघे हसू दाबत होते, आणि हिरव्या-तांबड्या तोंडाचा, मुकुट घातलेला तृषासुर गरजत होता. पुढच्या रांगेत शेवंतीकाकू स्वतः बसल्या होत्या, टाळ्या पिटत.

पंचाने ते शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा एकदा लावलं.

"पडताळणीला एकदा पुरे नाही?" आईने विचारलं.

"पडताळणी पहिल्या वेळेलाच झाली," पंच म्हणाला. "हे मी असंच पाहिलं."

जाताना तो ओट्याशी थांबला. "माझ्या अहवालात मी एक विनंती घालतो आहे. जी नाटकं लिहिलेली नसतात, ती ओळखायला यंत्रांनी शिकलं पाहिजे. त्यासाठी अशी चित्रणं हवीत. पूर्ण. रंगासकट, पडद्यासकट, आणि मंडळींना विचारून घेतलेली. ते काम कोणी करेल का?"

हे काम मागायचा आपल्याला हक्क नाही, असं दुर्वाला वाटलं.

"करतली," बाबा म्हणाले. "पण आधी सगळ्या मंडळींसमोर उभी ऱ्हवान माफी मागतली. मगे इचारतली. मंडळी हो म्हणाली, तर."

जोडपत्र लागलं, अहवाल वर गेला, आणि त्याच आठवड्यात केंद्राकडून बोलावणं आलं. बाबा दारासमोर उभे राहिले. या वेळी दुर्वा त्यांच्या बरोबरीने उभी होती. नळावर बायका होत्या. दारावरच्या डोळ्याने चेहरा न्याहाळला.

"या, अनंत मेस्त्री."

दार सरकलं. शेवंतीकाकूंनी दाराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. कळशी नळाखाली ठेवून त्यांनी ती काठोकाठ भरली आणि त्या तिथेच ओंजळ धरून पाणी प्यायल्या.

आत जाता जाता बाबा थांबले. "तुझ्याबद्दल काय लिवलानी, ता वाच बघू."

दुर्वाने फोन काढला. आपलं छायाचरित्र तिने सकाळपासून उघडलं नव्हतं. त्यात एकच वाक्य होतं. तिने ते हळू आवाजात वाचलं : "दुर्वा अनंत मेस्त्री : वडिलांना न विचारता त्यांचं चित्रण बदलून टाकलं, त्यामुळे त्यांचं काम थांबलं, मग स्वतः पुढे येऊन खरं सांगितलं."

"ते कायमचं राहणार, बाबा," ती म्हणाली. तिचे कान पुन्हा तापले होते. "मी मोठी झाले तरी लोक हेच वाचतील."

"खरा आसा ता. ऱ्हवांदे तसाच." बाबांनी आतल्या टाकीवरचा पेला उचलला, पाणी भरलं, चाखलं, आणि उरलेलं तिच्यासमोर धरलं. "एकच वाक्य झालाहा. खाली जागा भरपूर आसा."